थंडीतही गाडी तापते: इंजिनाचा ताप आणि शरीराचा ताप

आरोग्याच्या लेखात गाडीचं इंजिन कुठून आलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उत्तर सरळ आहे. ‘गोळ्या मध्येच का बंद केल्या?’ असं मी ओपीडीत विचारतो, तेव्हा मला दरवर्षी तीच चार-पाच कारणं ऐकू येतात. मुलीचं लग्न, मुलाची फी, बोअर आटला, सोयाबीनला भाव मिळाला नाही. आणि गेल्या काही वर्षांत वाढलेलं एक कारण म्हणजे, ‘साहेब, गाडीचं काम निघालं.’

लातूर-नांदेडकडे गाडी ही चैन राहिलेली नाही. रात्री बाळंतपणाला तालुक्याला न्यायचं असो, आईला डायलिसिसला न्यायचं असो, की भाजीपाला मोंढ्यात पोहोचवायचा असो, घरात एक गाडी लागतेच. ती बंद पडली की घराचा महिन्याचा हिशेब कोलमडतो आणि त्या हिशेबात सगळ्यात आधी कात्री लागते ती औषधाला. कारण गोळी एक दिवस नाही घेतली तर लगेच काही होत नाही. निदान तसं वाटतं तरी.

म्हणून आज आपण थंडीतली गाडी आणि थंडीतलं शरीर या दोघांबद्दल एकत्र बोलूया. दोघांमध्ये उष्णता सांभाळण्याची पद्धत इतकी सारखी आहे, की एक समजलं की दुसरं आपोआप समजतं.

आपली थंडी वेगळी आहे

थंडीत गाडीची काळजी कशी घ्यावी, हे इंटरनेटवर शोधलं तर बहुतेक सल्ले बर्फाच्या प्रदेशातले मिळतात. रेडिएटरमधलं पाणी गोठेल, डिझेल घट्ट होईल, बर्फाचे टायर लावा वगैरे. हे खोटं नाही. लडाखमध्ये डिझेल खरोखर गोठतं. म्हणूनच इंडियन ऑइलने 2019 साली तिथल्यासाठी उणे 33 अंशांपर्यंत पातळ राहणारं वेगळं डिझेल काढलं. पण आपल्याला त्याची गरज नाही.

आपली अडचण वेगळी आहे. डिसेंबरमध्ये पहाटे नऊ-दहा अंश असतात आणि दुपारी दोन वाजता तीस. परभणीकडे तर पारा कधी कधी पाचच्याही खाली जातो. म्हणजे सात-आठ तासांत वीस अंशांचा फरक! पहाटे स्वेटर, मफलर आणि दुपारी घाम. ही उलथापालथ शरीरालाही सोसावी लागते आणि गाडीच्या रबरी पाइपांनाही.

थंडीने रबर थोडं आकसतं आणि कडक होतं. पाइपावरची क्लिप सैल असेल तर रात्रभर तिथून थेंब थेंब गळत राहतं. सकाळी इंजिन तापलं की रबर फुगतं आणि गळती थांबते. त्यामुळे मिस्त्रीला दाखवायला नेलं की सगळं कोरडं! उन्हाळ्यात इंजिनवर आपलं लक्ष असतं. थंडीत मात्र ‘आता काय गरम होतंय’ म्हणून कोणी बॉनेट उघडत नाही. नेमकी तिथेच गडबड होते.

त्वचा म्हणजे शरीराचा रेडिएटर

इंजिनात इंधन जळतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर 2000 अंशांच्याही वर जातं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी पळवायला लागतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर जातो आणि उरलेली उष्णता कूलंट वाहून नेतं. इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरून तापलेलं कूलंट रेडिएटरमध्ये येतं, तिथे वाऱ्याने थंड होतं आणि परत इंजिनात जातं.

शरीरात हेच काम रक्त करतं. स्नायू आणि यकृतात तयार झालेली उष्णता रक्त त्वचेकडे आणतं आणि त्वचेवरून ती बाहेर जाते. म्हणजे त्वचा हा आपला रेडिएटर.

पण रेडिएटर सतत चालू ठेवून भागत नाही. इंजिन साधारण 90 अंशांवर सगळ्यात चांगलं चालतं. त्याहून थंड असेल तर तेल घट्ट राहतं, इंधन नीट जळत नाही, झीज वाढते. म्हणून वाटेत एक छोटी झडप बसवलेली असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. तिच्या आत मेण असतं. इंजिन थंड असताना मेण घट्ट असतं आणि झडप बंद. त्यामुळे कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. तापमान ऐंशी-नव्वदच्या घरात गेलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि रेडिएटरचा रस्ता मोकळा होतो.

आपला थर्मोस्टॅट मेंदूत असतो. त्या भागाला हायपोथॅलॅमस म्हणतात. बाहेर थंडी पडली की तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करायला लावतो, म्हणजे रेडिएटरकडे जाणारा रस्ता अरुंद करतो. म्हणून थंडीत हातपाय गार पडतात. आतलं 37 अंश मात्र टिकून राहतं.

याची एक किंमत असते. नळी अरुंद झाली की आतला दाब वाढतो. म्हणूनच थंडीत ब्लड प्रेशर वाढतं. ज्यांचं प्रेशर उन्हाळ्यात गोळीने आटोक्यात होतं, त्यांचं डिसेंबरमध्ये वर गेलेलं दिसतं. पहाटेच्या वेळी तर प्रेशर एरवीही चढत असतं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात थंडीत, त्यातही सकाळच्या वेळी जास्त का येतात, याचं एक मोठं कारण हे आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

आपल्याकडे एक पद्धत रूढ आहे. गाडी गरम होते अशी तक्रार आली की काही मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. ‘आपल्या गरम मुलखात याचं काय काम?’ असं म्हणतात. उन्हाळ्यात त्याने काही दिवस बरं वाटतं, कारण रस्ता कायमचा मोकळा होतो. पण गाडी गरम होण्याचं खरं कारण, म्हणजे गळती, चोंदलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा, तसंच राहतं. आणि थंडीच्या पहाटे इंजिन कितीतरी वेळ थंडच राहतं. गाडी डिझेल जास्त खाते आणि आत झीज होत राहते.

माणसं स्वतःच्या बाबतीतही हेच करतात. ‘थंडी लय आहे, जरा घेतली की ऊब येते,’ असं म्हणून रात्री दारू पिणारे सगळ्यांनी पाहिलेत. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, त्वचेकडे गरम रक्त येतं आणि ऊब वाटते. पण ती उष्णता आतून बाहेर चाललेली असते! म्हणजे दारू पिऊन उघड्यावर झोपणं म्हणजे कडाक्याच्या थंडीत थर्मोस्टॅट काढून टाकण्यासारखं आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडावर झोपणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगतो.

बोअरचं पाणी आणि कूलंट

लातूरकरांना पाण्याबद्दल मी काय सांगावं! 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तो दिवस कोणी विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शहर टँकर आणि बोअरवर जगत होतं. त्या काळात प्यायला पाणी नव्हतं, तिथे गाडीत कोण शुद्ध पाणी घालणार? मिळेल ते पाणी रेडिएटरमध्ये जायचं. दुष्काळ सरला, पण ती सवय अनेकांची तशीच राहिली. ‘कूलंट म्हणजे रंगीत पाणीच की’ असं आजही ऐकायला मिळतं.

आपली जमीन काळ्या बसाल्ट खडकाची. त्यात खोलवर मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर उतरतात. असं पाणी तापवलं की क्षार वेगळे होऊन भांड्याला चिकटतात. घरातल्या गीझरची कॉइल किंवा अंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं आठवा. पांढरा थर बसलेला दिसतो. तोच थर इंजिनातल्या पोकळ्यांत आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही, आणि नळ्या हळूहळू चोंदतात.

इथे थोडा खुलासा करतो, कारण रुग्ण लगेच विचारतात, ‘मग बोअरच्या पाण्याने आमच्या रक्तवाहिन्याही अशाच चोंदतात का?’ नाही. रक्तवाहिन्यांत साचतो तो थर मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि सुजेचा असतो. त्याचा पाण्यातल्या क्षारांशी असा थेट संबंध नाही. तिथे तंबाखू, साखर, ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉल या चौघांकडे बघायचं.

कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव आणि गंज रोखणारी रसायनं असतात. ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं आणि 107 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणामुळे आत दाब असतो, त्यामुळे प्रत्यक्षात उकळायला आणखी तापमान लागतं. आपल्याला गोठण्याची भीती नाही. आपल्याला उपयोग आहे तो उशिरा उकळण्याचा, गंज न लागण्याचा आणि क्षार न बसण्याचा. हे तीनही फायदे बारा महिने लागू आहेत. घट्ट कूलंट घेतलं तर त्यात बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालावं. तयार कूलंट असेल तर त्यात काहीच घालू नये.

एका जीपची गोष्ट

आता एका रुग्णाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, अहमदपूर-लोहा पट्ट्यात प्रवासी जीप चालवणारे. आठ वर्षांपासून मधुमेह. तपासणीला नियमित यायचे, साखर आटोक्यात होती.

मार्गशीर्षाच्या शेवटी माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. नांदेड-लातूर रस्त्यावरचं हे गाव त्या दिवसांत माणसांनी, घोड्यांनी, गाढवांनी फुलून जातं. जीपवाल्यांचा तो कमाईचा काळ, आणि लगेच येळवसही असते. सगळी घरं शेतात जेवायला निघालेली. मामांनी यात्रेच्या त्या चार दिवसांत जीप गच्च भरून फेऱ्या मारल्या. माळेगावजवळ गर्दीत गाडी पायी चालल्यासारखी चालली होती. वारा नाही, रेडिएटर आधीच बोअरच्या पाण्याने चोंदलेला, थर्मोस्टॅट कधीचाच काढलेला आणि पहाटेच्या थेंब थेंब गळतीने पाणी कमी झालेलं.

ते फाल्गुनात माझ्याकडे आले, तेव्हा चालताना लंगडत होते. आमचं बोलणं असं झालं.

‘मामा, साखर कधी तपासली होती?’

‘यात्रेच्या आधी, साहेब.’

‘आणि गोळ्या?’

‘बंद हायेत. गाडीचं इंजिन बसलं ना यात्रेत. चौसष्ट हजार गेले.’

‘गरम झालेलं कळलं नाही का?’

‘काटा वर गेलता साहेब. मग आपसूक खाली आला. मी म्हणलं, उतरला ताप. माणसं भरलेली होती, चालवली तशीच.’

काटा खाली का आला? गरमीचा काटा ज्या सेन्सरवर चालतो, तो कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट संपलं की सेन्सरभोवती नुसती वाफ आणि हवा उरते. मग तो इंजिनाचं खरं तापमान सांगूच शकत नाही. काटा खाली येतो तो इंजिन थंड झाल्यामुळे नाही, तर सांगणाराच मुका झाल्यामुळे. त्यानंतर काही किलोमीटरमध्ये ॲल्युमिनियमचं हेड वाकलं, गॅस्केट गेली, पिस्टन अडकले आणि गाडी जागेवर उभी राहिली.

मी त्यांचा मोजा काढायला लावला. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, आतून पू येत होता. चपलेतून एक बारीक खिळा वर आला होता. किती दिवसांपासून? त्यांना माहीत नव्हतं. ‘दुखत नाही साहेब, म्हणून लक्ष दिलं नाही. लंगडतोय का तर पाय सुजलाय म्हणून.’

साखर बराच काळ वाढलेली राहिली की पायातल्या नसा निकामी होतात. वेदना पोहोचवणारी तारच तुटते. खिळा टोचतो, पण कळत नाही. इथेही काटा खालीच होता.

त्यांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. अंगठा काढावा लागला, पाय वाचला. दोन महिने ते ब्रेक-क्लच दाबू शकले नाहीत, म्हणजे दुरुस्त झालेली जीपही दारात उभी राहिली. हिशेब बघा. त्यांच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला 900 रुपयांच्या आसपास होता. तीन महिन्यांत वाचवले 2,700 रुपये. कूलंट आणि दोन रबरी पाइपांना हजार-बाराशे लागले असते. दोन्हीकडे मोडलं ते याच्या कितीतरी पट.

मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरात एकच कमावती गाडी आहे, तो आधी गाडीच उभी करणार. पण औषध परवडत नसेल तर बंद करण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. मधुमेहाची आणि ब्लड प्रेशरची बरीच औषधं जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात, सरकारी दवाखान्यात मोफतही मिळतात. ‘पैसे नाहीत’ हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. मिस्त्रीला सांगता ना, तसंच.

काटा खाली आला म्हणजे ताप उतरला असं नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. लक्षण नाहीसं झालं म्हणजे आजार गेला, असं दरवेळी नसतं. तीन उदाहरणं देतो.

पहिलं, मधुमेहाच्या काही रुग्णांना हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं. ‘गॅस झाला असेल’ म्हणून रात्र काढू नका. ईसीजी काढा.

दुसरं, उन्हात काम करणाऱ्याला घाम येत होता आणि आता अचानक बंद झाला, तो असंबद्ध बोलतोय, अंग भाजल्यासारखं गरम आहे. घाम थांबला म्हणजे बरं वाटलं असं नाही. हा उष्माघात असू शकतो. साध्या तापात मेंदूतला थर्मोस्टॅट स्वतःच वरच्या आकड्यावर सरकलेला असतो, म्हणून पॅरासिटामॉलने तो खाली येतो. उष्माघातात शरीराची थंड करणारी यंत्रणाच कोलमडते. तिथे गोळीने काम होत नाही. अंगावर गार पाणी, वारा आणि तातडीने दवाखाना, हाच उपाय.

तिसरं उदाहरण बंद गाडीतल्या धुराचं. ते जरा सविस्तर बघू.

बंद गाडी, बंद खोली आणि धूर

थंडीच्या रात्री दवाखान्याबाहेर रुग्णाची वाट बघत नातेवाईक गाडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपतात. किंवा पहाटे बंद शटरच्या गाळ्यात गाडी सुरू करून गरम करत ठेवतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. मग रक्त फिरत राहतं, पण ऑक्सिजन नेत नाही.

सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, झोप येते. झोपलेल्या माणसाला हे कळतही नाही. आणि इथेही काटा फसवतो. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनवालं रक्त यांत फरक करू शकत नाही. माणूस गुदमरत असतो आणि ऑक्सिमीटर 98 दाखवतं!

अशी शंका आली तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘बंद गाडीत होते’ हे सांगा. उपचार म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपल्यावरही हाच वायू तयार होतो. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवणाऱ्यांनी खिडकी जरूर उघडी ठेवावी, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर न्यावी.

गाडी गरम झालीच तर

काटा वर जाऊ लागला, समोर लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ आली, तर एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ हा विचारच महाग पडतो.

झाकण लगेच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांपेक्षा गरम असतं. झाकण सैल झालं की दाब जातो आणि ते क्षणात उकळून कारंज्यासारखं तोंडावर, छातीवर येतं. अशा भाजलेल्या चेहऱ्यांवर मी उपचार केले आहेत. गाडी पूर्ण गार व्हायला अर्धा-पाऊण तास तरी द्या. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

कोणी भाजलंच, तर भाजलेला भाग 20 मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नका. अंगठी, घड्याळ काढा. स्वच्छ कापडाने झाका आणि दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं असेल तर डोळा पाण्याने धूत राहा.

कूलंट हे विष आहे

ज्या कूलंटची मी एवढी शिफारस केली, त्याबद्दल एक इशाराही देतो. ते चवीला गोड असतं आणि रंगाने सरबतासारखं हिरवं किंवा लाल. उरलेलं कूलंट थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून पडवीत ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. मोठ्या माणसालाही साधारण 100 मिली पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. लहान मुलाला तर त्याहून फार कमी पुरतं.

सुरुवातीला दारू प्यायल्यासारखं वाटतं. मग काही तासांनी श्वास जोरात चालतो, रक्तात आम्लता वाढते आणि मूत्रपिंडात स्फटिक साचून ती बंद पडतात. मधल्या काळात माणूस थोडा सावरल्यासारखा दिसू शकतो. त्यावर विसंबू नका. मीठपाणी देऊन उलटी करायला लावू नका. डबा सोबत घ्या आणि डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात तातडीने जा. लवकर पोहोचलं तर यावर उपचार आहेत. कूलंट नेहमी मूळ डब्यातच, कडी-कुलपात ठेवा. जमिनीवर सांडलेलं लगेच धुऊन टाका, कुत्री-मांजरंही ते चाटतात.

दिवाळीनंतरची तयारी

गाडीसाठी:

- आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा. पातळी वारंवार कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा.
- रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग दिसला तर मिस्त्रीला तो पुठ्ठाच दाखवा.
- ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला किंवा मागून सतत पांढरी वाफ येत असेल, तर पाणी ऑइलमध्ये किंवा इंजिनात जातंय. गाडी चालवू नका.
- कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल घाला. 5डब्ल्यू-30 मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. तो आकडा लहान तेवढं ऑइल थंडीत लवकर पसरतं.
- सकाळी सुरू केल्यावर अर्धा ते एक मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. दहा मिनिटं उभ्या उभ्या रेस करायची गरज नाही.
- बॅटरी खराब होते उन्हाळ्यात आणि बंद पडते थंडीत. तीन-चार वर्षं झाली असतील तर तपासून घ्या.
- विम्याचा कागद वाचा. साध्या पॉलिसीत अपघाताचं नुकसान मिळतं, इंजिन तापून बसलं तर सहसा मिळत नाही. इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलं असेल तर त्यात नेमकं काय येतं, ते विचारा.

चालवणाऱ्यासाठी:

- थंडीच्या सुरुवातीला ब्लड प्रेशर एकदा तपासा. गोळीचा डोस स्वतः बदलू नका.
- पहाटे अंथरुणातून एकदम उठून बाहेर पडू नका. दोन मिनिटं बसा, कान-डोकं झाका, मग निघा.
- तहान लागत नाही म्हणून पाणी कमी करू नका.
- मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय बघा. वाकता येत नसेल तर आरसा ठेवा किंवा घरच्यांना बघायला सांगा. चपलेत हात घालून तपासा.
- धुई असताना ऊसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून लांब राहा. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. शक्य असेल तर ऊन पडल्यावरच निघा.

शेवटी पैशांबद्दल. गाडीसाठी दर महिन्याला दोन-तीनशे रुपये एका डब्यात बाजूला टाका. औषधाचे पैसे वेगळ्या डब्यात. पहिल्या डब्यातले संपले तरी दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा घरात नियम करा. इंजिन बसलं तर मिस्त्री ते खोलून, बोअर करून, नवे पिस्टन टाकून परत सुरू करतो. नसा आणि मूत्रपिंडं अशी परत नवी करून देणं आम्हा डॉक्टरांना जमत नाही.

काळजी घ्या, येळवसला शेतात पोटभर भज्जी-आंबील खा, आणि निघण्याआधी बॉनेट एकदा उघडून बघा.